उलटं वाढलेलं ताट

शनिवार, १२ एप्रिल २०१४

सगळ्यांत आधी कोण टपकली, तर मधुवंती. हळदीकुंकवाचं बोलावणं चारचं, ही साडेतीनला दारात. जुरोंग ईस्टहून बुकित पंजांगला यायचं म्हणजे गाडी बदलावी लागते म्हणे, म्हणून लवकर निघाले. निघालीस लवकर तर खाली बाकावर बस ना बाई! माझं गौरीपुढचं कलिंगड कातरायचं राहिलेलं, अंगावर गाऊन, आणि ही सरळ स्वयंपाकघरात. डाळीवरचं झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणते, "काकू, कैरी गोडी निघाली वाटतं." गोडी नव्हती. मीच सेरंगून रोडवर दुकानदाराशी हुज्जत घालून दाबून दाबून आणली होती. पण मधुवंतीचं तोंडच असं आहे, त्यात साखर घातली तरी विरजण लागायचं.

मी साडी नेसून बाहेर येते तोवर सुलेखाबाई हजर. इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी, आणि पन्ह्याचे पेले त्यांच्या हातात. माझं पन्हं! "या, बसा," असं माझ्याच घरात त्यांनी सगळ्यांना म्हटलं. मलाही म्हणाल्या, "बसा ना वेणूताई."

सुलेखाबाई म्हणजे माझ्या सुनेची, सुनेत्राची आई, माझी विहीण. पुण्यात मोठ्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. फेब्रुवारीत इथे परदेशी मुलीकडे आल्या आहेत, आम्हा दोघींना मिळून एक खोली. दोन खाटा, मध्ये एक पंखा, आणि पंख्याचं तोंड त्यांच्याकडे. मी फिरवते, त्या परत फिरवतात. तोंडाने कुणीच बोलत नाही.

ही वहीसुद्धा त्यांच्यामुळेच. त्या रोज डायरी लिहितात. परवा सुनेत्राला म्हणाल्या, "वेणूताईंना लिहायचा कंटाळा येत असेल, सवय नसते ना." मी फलटणच्या शाळेत चौथी पास आहे, आणि माझं अक्षर बघून मास्तर दुसऱ्या मुलींना छडी दाखवायचे. दुसऱ्याच दिवशी खालच्या दुकानातून वही आणली. घ्या!

पण खरी गोष्ट राहिलीच. ओट्या भरणं चाललेलं, बायका हरभरे पदरात घेतायत, आणि आमचा अश्विन फोन नाचवत आत आला. सतरा वर्षांचा घोडा, छतापर्यंत उंच. मला डाव्या काखेत धरून गर्रकन फिरवलं. "आजी, ही इज कमिंग! ओगावा कोच सेड! अमेरिकेहून, फर्स्ट मे!"

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या टीमचा एक माणूस देशोदेशी फिरून चेंडू फेकणारी मुलं हुडकतो. तो एक तारखेला अश्विनला बघणार. आधी घरी येऊन आईबापांना भेटणार, मग मैदानावर त्याला फेकायला लावणार. पसंत पडला तर कागद करणार, आणि बारावी झाली की अश्विन अमेरिकेला. पगारी खेळाडू!

मधुवंती म्हणाली, "बघायला येणार म्हणजे?"

म्हटलं, "म्हणजे बघायलाच. तुला नव्हते का आले?"

असा आनंद झालाय, लगेच देवापुढे साखर ठेवली.

सोमवार, १४ एप्रिल

हा खेळ मला आता पुरता कळतो. अश्विन मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. त्याला पिचर म्हणतात. समोर एकजण दांडकं घेऊन. अश्विनने चेंडू असा फेकायचा की त्या मेल्याच्या दांडक्याला तो गवसता कामा नये. गवसला तर अश्विनची फजिती, नाही गवसला तर त्याची. म्हणजे एकाचं नाक कापल्याशिवाय दुसऱ्याचं वर होत नाही. मला म्हणूनच आवडतो. क्रिकेटमध्ये उगाच टाळ्या वाजवत बसतात.

हात त्याला माझ्या माहेरचा मिळालाय. माझा भाऊ दत्तू बांधावरून दगड भिरकावायचा तो नेमका चिंचेच्या देठाला. सुलेखाबाई म्हणतात, उंची त्यांच्याकडची. उंची काय, ताडालाही असते.

रात्रीचं जेवण मात्र विषासारखं झालं. बापलेक पाडव्यापासून बोलत नाहीत. बोलणी आमच्यामार्फत चालतात. माझा शैलेंद्र सुनेत्राला म्हणाला, "त्याला विचार, केमिस्ट्रीत किती पडले."

अश्विन मला, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून, म्हणाला, "आजी, टेल हिम, पास झालोय लाह."

शेवटी शैलेंद्रने ताट सरकवलं आणि थेट त्याच्याकडे बघून म्हणाला, "एक तारखेला तो माणूस येऊन जाऊ दे. तो हो म्हणाला तर मी सही करीन. नाही म्हणाला तर तुझा तो ग्लोव्ह ह्या च्यूटमध्ये, आणि तू ट्यूशनला. परत हा विषय नाही."

च्यूट म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं कचऱ्याचं भोक. टाकलेली वस्तू थेट तळाला जाते, परत दिसत नाही.

सुनेत्रा म्हणाली, "अरे, एका दिवसावर काय ठरवतोस मुलाचं?"

"मग कशावर ठरवू? माझ्या ऑफिसच्या टीममधली तिघं मार्चमध्ये घरी गेली. आपण इथे नोकरीच्या पासावर आहोत. माझा पास गेला तर हा इथे चेंडू फेकत बसणार आहे का?"

पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, घेतली असती तर ही टांगती तलवार नसती, पण मग मुलाला दोन वर्षं इथल्या पलटणीत पाठवावं लागतं, सुनेत्राला ते नको. त्यावरून ह्या दोघांचं वेगळंच धुमसत असतं. घर आहे की चूल!

अश्विन एवढंच म्हणाला, "ओके. वन चान्स." आणि उठला.

मी म्हणते बरं झालं. एकदाच बघायला येतात आणि एकदाच ठरतं, आपल्यात हीच रीत. मी पोह्यांची तयारी धरते.

गुरुवार, १७ एप्रिल

आज अश्विन डाव्या हाताने जेवला.

मला आधी वाटलं माझं चुकतंय. वरणभात, डाव्या हातात चमचा. मी म्हटलं, "अरे, हा कुठला हात?"

"स्पून आहे ना आजी. हँड नाही लावला."

"चमचा हातातच धरलायस ना? का पायात?"

तो हसला नाही. एरवी अशा बोलण्यावर भात नाकातून येईस्तोवर हसतो. सुलेखाबाई मध्ये पडल्या. "असू द्या हो वेणूताई. जेवतोय ना!"

"तुमच्याकडे चालत असेल."

"आमच्याकडे पोर पोटभर जेवलं का ते बघतात. हात कुठला ते मोजत नाहीत."

"आमच्याकडे ताटात मीठ कुठे आणि चटणी कुठे हेसुद्धा बघतात," मी म्हटलं. कारण त्यांनी परवा भाजी डावीकडे वाढली होती आणि कोशिंबीर उजवीकडे. मास्तरीणबाईंना ताट वाढता येत नाही! मी सगळी ताटं पुन्हा वाढली होती. तो घाव त्यांना लागलाच असणार, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

अश्विन अर्धं टाकून उठला. सुनेत्रा म्हणते, तुमच्या दोघींमुळे. दोघींमुळे काय म्हणून? ह्या येईपर्यंत माझा नातू उजव्या हाताने जेवत होता. ही लाडांची थेरं नवी आहेत. सकाळी दातही डाव्या हाताने घासत होता. टीव्हीवरच्या कुणा खेळाडूचं बघून करत असेल, आणि ह्यांची फूस.

रविवार, २० एप्रिल

मॅच बघायला गेले! सुनेत्राला ऑफिसचं काम, शैलेंद्र येणारच नव्हता, म्हणून आम्ही दोघी. एमआरटीत त्यांनी मला सीट दिली, म्हणजे मी म्हातारी आणि त्या नाहीत. दोन स्टेशनं मी उभीच राहिले.

मैदानात जपानी पोरं, अमेरिकन पोरं, आणि मध्ये आमचा सावळा कृष्ण. सकाळच्या मॅचला काय फेकले चेंडू! दांडकेवाले नुसते वारा घालत होते. मी प्रत्येकाला मराठीत सांगत होते, जा, घरी जा. शेजारची अमेरिकन बाई मला डाळिंबं देऊन गेली.

मग दुपारी ओगावा कोचने त्यालाच परत उभं केलं. दुसरा मुलगा आजारी. मला तर पर्वणीच. अश्विन प्रत्येक चेंडूनंतर हात असा झटकत होता, ओलं फडकं झटकावं तसा. काय ती ऐट! शेवटी शेवटी चेंडू सावकाश यायला लागले, दांडक्यांना गवसायला लागले. पंचाचं लक्ष नव्हतं, दुसरं काय!

मॅच संपायच्या आत सुलेखाबाई तरातरा कोचपर्यंत गेल्या आणि त्याला इंग्रजीत असं झापलं की तो बिचारा वाकून वाकून अर्धा झाला. अश्विन धावत आला, त्यांना बाजूला घेतलं, त्यांच्या हातापाया पडल्यासारखं करत होता. मला लाज वाटली. जावयाच्या घरी राहायचं आणि पोराच्या मास्तरशी भांडायचं?

परतताना मी म्हटलं, "पाहुणा माणूस आहात, जरा सबुरीनं घ्यावं."

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वेणूताई, तुम्हाला काहीच दिसत नाही का हो?"

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालंय. मला त्यांच्यापेक्षा चांगलं दिसतं.

मंगळवार, २२ एप्रिल

फ्रीजरमधल्या मटारचा पुडा गायब. उद्या उसळ करणार होते. सगळीकडे शोधलं, आणि सापडला कुठे, तर सुलेखाबाईंच्या खाटेवर, टॉवेलात गुंडाळलेला, विरघळून लिबलिबीत! खोलीत मलमाचा उग्र वास. मी तो पुडा धरून हॉलमध्ये गेले.

"हे काय?"

अश्विन तिथेच बसलेला, तो पांढराफटक. सुलेखाबाई त्याच्याकडे बघून मला म्हणाल्या, "मला उकडत होतं. डोक्यावर ठेवला होता."

"पंखा तर तुमच्याकडेच असतो!"

"तरी उकडत होतं."

मटार डोक्यावर! शिकलेल्या बाईचं डोकं असं फिरतं. त्यात दुपारी डोळा लागतो न लागतो तोच ह्या दोघांची कुजबुज ऐकली. तो म्हणत होता, "प्रॉमिस ना, सुलूआजी? बाबांना नाही, आईला नाही, आजीला तर नाहीच." ह्या म्हणाल्या, "प्रॉमिस. पण माझ्या जिवाला घोर लावलायस."

मला नाहीच! तेव्हाच ओळखलं. त्याला पुण्याला नेऊन आपल्याजवळ कॉलेजात घालायचा डाव आहे. अमेरिका मोडायची आणि नातू पळवायचा. बघतेच.

शनिवार, २६ एप्रिल

पोह्यांसाठी लिटिल इंडियाला गेलो. पातळ पोहे नकोत, जाड हवेत, खवलेलं खोबरं हवं. अमेरिकन माणूस तिखट खात नाही म्हणून मिरच्या मोठ्या चिरायच्या, म्हणजे वेचता येतात. मधुवंतीचा फोन आला होता, ती पण येते म्हणाली. नको म्हटलं. बघण्याच्या कार्यक्रमात बाहेरची जीभ नको.

दुकानात सुलेखाबाई एकदम म्हणाल्या, "पाहुण्यांना पुढच्या महिन्यात बोलावता येणार नाही का?"

ऐका! डाव बाहेर पडला.

मी म्हटलं, "ठरलेलं बघणं पुढे ढकललं की पाहुण्यांना वास येतो. म्हणतात, मुलीत काही उणं आहे."

"आणि उणं असलंच तर?"

"तर ते झाकायचं. पाहुण्यांपुढे बोलायचं नसतं. एवढं पुण्यात शिकवत नाहीत?"

"आणि एकदा लग्न लागल्यावर?"

"मग ज्याचं त्याचं नशीब."

त्यांनी हातातलं खोबऱ्याचं पाकीट टोपलीत टाकलं. मग म्हणाल्या, "त्याचीच भीती वाटते मला." लग्न लागलेल्या पोरीच्या जन्माबद्दल बोलत होत्या का कशाबद्दल कोण जाणे. पैसे मात्र त्यांनी देऊ केले. मी घेतले नाहीत.

गुरुवार, १ मे

आज कामगारांची सुट्टी, सगळे घरी. सगळं लिहायचंय, अगदी पहिल्यापासून.

आधी ओगावा कोच आला. बूट काढून रांगेत नीट लावले, इतरांचेही लावले. त्याच्यामागून मिस्टर डोलन, लालबुंद, दारात डोकं वाकवून. मी अश्विनला सकाळी ओवाळलं होतं, पांढरा सदरा घालायला लावला होता. चारला मैदानावर जायचं होतं, त्याआधी घरी बोलणी.

आणि अगदी आपल्यासारखंच हो! डोलनने आधी त्याला उभं केलं, नखशिखान्त बघितलं. पंजा आपल्या पंज्याला लावून बोटं मोजली. शैलेंद्रची उंची विचारली, सुनेत्राची विचारली, घराण्यात कुणाला काय आजार ते विचारलं. मला बघायला आले तेव्हा चालून दाखव म्हणाले होते. ह्यानेही अश्विनला दारापासून खिडकीपर्यंत चालवलं! मी पदर तोंडाला लावून हसले. शैलेंद्र कोपऱ्यात हाताची घडी घालून, मुलीचा बाप नसून फौजदार असल्यासारखा.

मग पोहे. अश्विनने माझ्याकडे बघितलं आणि चमचा मुद्दाम उजव्या हातात धरला. दोन घास खाल्ले. गुणाचं पोर, म्हटलं. तिसऱ्या घासाला चमचा टणकन ताटलीत पडला, पोहे सदऱ्यावर. आणि मग त्याने, पाहुण्यांसमोर, हळूच चमचा डाव्या हातात घेतला.

सुलेखाबाई माझ्याकडेच बघत होत्या. अंगाची लाही लाही झाली. उणं झाकायचं असतं हे मला कळतं, पण हे उणं माझं नव्हतंच, त्यांचं होतं! माझ्या वळणावर डाग लागत होता. मी डोलनपुढे जाऊन उभी राहिले, डावा हात दाखवला, मग सुलेखाबाईंकडे बोट केलं.

"ह्यांनी बिघडवलाय! दोन-तीन आठवडे झाले, डाव्या हाताने जेवतो, डाव्या हाताने दात घासतो, बादली डाव्या हाताने उचलतो. उजवा लावतच नाही कशाला. माझ्या घरात असं वळण नव्हतं. हे सगळं ह्यांचं शिक्षण!"

"आई!" शैलेंद्र ओरडला.

"थांब तू. सांगा ना हो विहीणबाई, सांगा त्यांना इंग्रजीत. तुम्हाला येतं ना!"

सुलेखाबाईंनी चष्मा काढला. "खरंच सांगू?"

"सांगा!"

"सगळं?"

"शब्दन् शब्द."

त्या अश्विनकडे वळल्या. तो नाही नाही अशी मान हलवत होता. त्या म्हणाल्या, "ऐकलंस ना, बाळा? आजीने सांगायला सांगितलंय." आणि बोलायला लागल्या.

माझ्या चार वाक्यांची त्यांनी चाळीस केली, पण काय करणार, स्वतःचं माप स्वतःच्याच तोंडाने पदरात घालून घ्यावं लागलं! मला इतकं बरं वाटलं. अमेरिकन माणसापुढे, इंग्रजीत, आणि आवाज कापत होता. मधुवंती हवी होती बघायला.

डोलनने पोह्यांची ताटली खाली ठेवली. अश्विनचा उजवा हात घेतला, असा हळुवार, तान्ह्या मुलाचा घ्यावा तसा, आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. अश्विन किंचाळला नाही, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी टपटपलं.

म्हणजे हात दुखत होता! मला सांगायचं ना. हळद आणि तिळाचं तेल लावून दिलं असतं.

शैलेंद्र उठून त्याच्यापाशी गेला, खाली गुडघ्यावर बसला. पाडव्यापासून पहिल्यांदा सरळ बोलला. "कधीपासून?"

"पाडव्याच्या वीकपासून."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"यू सेड च्यूट, बाबा."

शैलेंद्रने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मान खाली घातली. सुनेत्रा रडायला लागली. पाहुण्यांसमोर!

मग डोलन बराच वेळ बोलला. आज मैदानावर जायचं नाही म्हणाला. अश्विन ताडकन उठला. "आय कॅन थ्रो! आत्ता थ्रो करून दाखवतो, कम!" डोलनने नुसती मान हलवली. पोर आमच्या दोघींकडे वळलं. असे डोळे मी त्याचे कधी बघितले नव्हते. "थँक यू आजी. थँक यू सुलूआजी. बोथ ऑफ यू. हॅपी?" आणि दार असं आपटलं की देव्हाऱ्यातली घंटा वाजली.

ओगावा कोच सुलेखाबाईंसमोर वाकला तो वर येईचना. त्यांनी त्याला "उठा आता" असं मराठीतच सांगितलं. डोलनने जाताना सगळे पोहे संपवले, मिरच्यांसकट, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हणाला. सुनेत्राने सांगितलं, "आई, ते म्हणतायत, तुमच्या डोळ्यांनी फार मोठं काम केलं." बघा! परका माणूस, पण वळणाची कदर आहे. परत येतो म्हणाला. दिवससुद्धा सांगून गेला, शैलेंद्रने फोनमध्ये टाकला.

मधुवंतीचा फोन आलाच. "काय काकू, पसंत पडला का? का नुसतं कळवतो म्हणाले?" तिला माहीत आहे, कळवतो म्हणणारे कधी येत नाहीत. मी म्हटलं, "दिवस देऊन गेलेत." तिने फोन ठेवला.

सुलेखाबाई तासभर बाथरूममध्ये नळ सोडून बसल्या होत्या. हार पचवायला वेळ लागतो.

संध्याकाळी शैलेंद्रने सोफ्यावरचा तो ग्लोव्ह उचलला. मी मागोमाग धावले. स्वयंपाकघरात नेला, ओल्या फडक्याने पुसला आणि आणून कपाटावर ठेवला, पंख्याच्या वाऱ्याला.

सोमवार, ५ मे

शुक्रवारी त्याच्या कोपराचा आतून फोटो काढला. इतक्या मोठ्या मशीनमध्ये घातला म्हणे की मला काळजीच वाटली. हल्ली लग्नाआधी रक्त तपासतात ना, तसलंच हे. अमेरिकेची माणसं कागद करायच्या आधी सगळं बघून घेतात.

सुनेत्रा फोनवर मधुवंतीला सांगत होती, ते मी ऐकलं. आतली एक दोरी ताणली गेलीय, थोडी उसवलीय, पण तुटली नाही. गुरुवारी जोर लावून अजून फेकलं असतं तर तुटली असती, मग कापाकापी, आणि एखाद-दीड वर्ष घरात. तीही परत पहिल्यासारखी होईल याचा नेम नाही. आता हाताला पट्टा आहे. काही महिने चेंडू नाही, मग हळूहळू. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. बरं झालं डोलन त्या दिवशी आला. पाहुण्यांचा पायगुण.

अश्विन तीन दिवस आम्हा दोघींशी बोलला नाही. शैलेंद्रशी बोलतो! बापलेक काल खाली जाऊन कॉफी पिऊन आले. त्याला डाव्या हाताने लिहायला लागतं म्हणून केमिस्ट्रीचं शैलेंद्र स्वतः उतरवून देतो. ह्या घरात कुणीतरी कुणाशी तरी अबोला धरलेलाच असतो, फक्त आळीपाळीने.

आज दुपारी सुलेखाबाईंना निरोपाचं जेवण होतं. त्यांचं विमान संध्याकाळी. पुरण केलं, कटाची आमटी केली. अश्विन येऊन बसला, उजवा हात पट्ट्यात. मी त्याचं ताट वाढलं. आधी मीठ, मधोमध. मग जरा थांबले. मग भाजी डावीकडे वाढली, आमटीची वाटीही डावीकडे, आणि चटणी-कोशिंबीर उजवीकडे.

सुलेखाबाईंनी बघितलं. "वेणूताई, ताट उलटं वाढलंत."

"डोळे आहेत मला," मी म्हटलं.

अश्विन ताटाकडे बघतच राहिला. "आजी, राँग साइड लाह."

"गप जेव. निवेल."

तो जेवला. डाव्या हाताने पोळी तोडता येईना, म्हणून सुलेखाबाईंनी तुकडे करून दिले. फार मोठे केले. मी परत छोटे केले. तेव्हा तो हसला, नाकातून आमटी येईस्तोवर. पोळ्या सगळ्या खाल्ल्या.

निघताना सुलेखाबाई मला म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते फार बरं केलंत. माझं तोंड बांधलेलं होतं." म्हणजे शेवटी मान्य केलं. मी मोठेपणा दाखवला, ओटी भरली, नारळ चांगला दिला. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, वयाने त्या फक्त दोन वर्षांनी लहान. त्यात काही डाव असेल तर मला अजून सापडलेला नाही.

खोलीत आले तर त्यांची खाट रिकामी, चादरीच्या घड्या, आणि पंख्याचं तोंड माझ्या खाटेकडे. घाईत विसरल्या असतील. खोली एवढी मोठी आहे हे माहीत नव्हतं.

शैलेंद्रला विचारून आता नीट लिहून ठेवते, कारण ह्या घरात फोनमध्ये टाकलेलं काहीच सापडत नाही. कॅलेंडरवरही खूण केलीय. डोलन तैवानहून परत जाताना येणार आहे, रविवार, दोन नोव्हेंबर. हात बरा असेल तर त्या दिवशी अश्विन मैदानात. दुसऱ्या दिवशी एकादशी आणि मग तुळशीचं लग्न. अमेरिकन असून बघा कसा मुहूर्त धरलाय. चातुर्मासात आपल्याकडे तरी लग्न कोण लावतं?

आणि सुलेखाबाई दारातून, चप्पल घालता घालता, काय म्हणाल्या असतील? "मी आदल्या दिवशी येते. ह्या वेळी पोहे मी करीन."

आदला दिवस म्हणजे शनिवार, एक नोव्हेंबर. बघू कोण करतं पोहे.